हाकेला ओ

पिंट्या, फाईल गेली. आत्ता दुपारी गेली. शेवटचा भाग, सगळ्या आवाजांसकट, मुंबईला. आणि तेव्हापासून माझ्या पोटात जो गोळा आलाय तो काही केल्या जात नाही. चहा मागवला, तो तसाच गार झाला. गॅलरीत उभी राहून राजारामपुरीतली गर्दी बघितली, आत आले, परत फाईल लावून ऐकली. गेलेली फाईल ऐकून काय होणार आहे? पण तुझ्याबरोबर इतकी वर्षं काम केलेल्या बाईला दुसरं काही सुचत नाही.

हाक आहे त्यात. आधी तेवढं सांगून टाकते, नाहीतर तू जिथं असशील तिथं बसून नखं खात असशील. जुनी नाही, ताजी आहे. कुठून आणली ते सांगते, पण शेवटी. आधी मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्ध्यावर टाकून उठून गेलास, ही काय रीत झाली?

गेल्या आठवड्यात वाहिनीच्या मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, शेवटच्या भागाआधी ‘सोसाट्या’च्या पडद्यामागच्या गमती सांगणारा एक व्हिडिओ करून पाठवा, प्रेक्षकांना आवडतं. आता गमती तुझ्या आणि सांगायच्या मी. बसले मोबाइल डब्याला टेकवून. सोसाट्या म्हणजे वाऱ्यासारखा उडणारा, मुखवटा घातलेला वीर, त्याचं तळपूर शहर, आणि त्या शहरातल्या दारांना कुलपं ठोकत सुटलेला कुलूपराव. हे कार्टून कोल्हापुरात बनतं हेच अजून कित्येकांना खरं वाटत नाही. माणसं बोलतात ते सोडून त्यात जे जे काही वाजतं ते सगळं तू बनवायचास आणि मी ते चित्राला बसवायची. एवढं साधं वाक्य बोलायला मला किती वेळा व्हिडिओ थांबवावा लागला, विचारू नकोस.

मग मात्र सुटले बघ मी. सोसाट्या उडतो तो वारा हा वारा नाहीच, ती ओली चादर आहे, हे सांगितलं. तुमच्या गच्चीवर भिजवलेली चादर मी गरागरा फिरवायची आणि तू माईक धरून ‘अजून जोरात, अजून जोरात’ करायचास. माझे खांदे उतरायचे आणि नाव सोसाट्याचं व्हायचं. तो जमिनीवर उतरतो तेव्हा येणारा दणका म्हणजे तालमीतल्या पैलवानानं ठोकलेला शड्डू. पैलवान आधी लाजत होता. तू त्याला सांगितलंस, पावणं, तुमची मांडी टीव्हीवर येणार हाय. मग त्यानं असा काही शड्डू ठोकला की रेकॉर्डरचा काटा एका बाजूला जाऊन पडला आणि तू आनंदानं ओरडलास, नादखुळा! हाडं मोडतात तो ऊस. लाव्ह्याची नदी म्हणजे गुऱ्हाळावरच्या काहिलीत उकळणारा रस. कुलूपरावाचं शहर कुलूपबंद करणारं ते भयंकर यंत्र म्हणजे कबनूरला तुझ्या मावशीच्या घरात चालणारे कापडाचे माग. मावशी मधेच आत येऊन विचारायची, पोहे करू काय, आणि आपल्याला परत पहिल्यापासून सुरुवात करायला लागायची.

आणि म्हैस! कुलूपरावाचा राक्षस गर्जतो तो आवाज कुणा शहाण्यानं इंटरनेटवर उलगडून दाखवला होता, आठवतंय का? सिंह, हत्ती आणि परदेशातलं कुठलं तरी महागडं यंत्र, असं त्याचं म्हणणं. तू ते छापून आणलंस आणि भिंतीला डकवलंस. गंगावेशीतली धार काढताना वैतागलेली म्हैस होती ती, सावकाश करून लावलेली. मी ते व्हिडिओत सांगितलं आणि हसले. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, म्हणून तेवढा तुकडा परत केला.

चंदगडचा पाऊस मात्र सांगितला नाही. तो मी कुणाला देणार नाही. सोसाट्याचा मित्र हरवतो त्या भागासाठी तुला पत्र्यावरचा पाऊस पाहिजे होता. तो इथंही पडतो, पण तुला चंदगडचाच हवा. एसटीनं गेलो आपण. एका काजूवाल्याच्या शेडमध्ये उभं राहून तू रेकॉर्डरवर छत्री धरलीस आणि आपण दोघं चिंब. मी म्हणाले, माणसांवर धर की जरा छत्री. तर तू मला गप्प केलंस, बोलू नको, पाऊस बिघडतोय. त्या दिवशी मला इतका राग आला होता. परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. तू हेडफोनचा एक कान मला दिलास आणि दुसरा स्वतःच्या कानाला लावलास. मी गारगोटीची, जन्मभर पाऊस बघितलेली. पण पाऊस ऐकला तो त्या दिवशी. ऐकायला तू शिकवलंस मला. हे तुला कधी तोंडावर बोलले नाही, कारण तू लगेच फुगून बसला असतास.

व्हिडिओत हाकेचं विचारलंच होतं मॅडमनी. ‘पिंट्या कोण, हे सांगून टाका ना आता,’ म्हणाल्या. मी तेवढंच सांगितलं नाही.

खरं तर ती गंमत नव्हतीच, चूक होती. मालिका नवीन होती. तळपूरच्या गल्लीबोळात मागं काहीतरी वाजत राहायला पाहिजे, म्हणून तू दुपारी गच्चीच्या कठड्याला माईक अडकवून ठेवायचास. रिक्षा, कबुतरं, कुणाच्या तरी घरातला कुकर, असलं सगळं त्यात यायचं. एकदा त्यातच तुझ्या आईनं, काकूंनी, खालून तुला जेवायला हाक मारली. मी तो तुकडा ऐकला नाही नीट, तूही ऐकला नाहीस, आणि तो भाग तसाच टीव्हीवर लागला. कुलूपराव शहरावर चालून येतोय, लोक घाबरून दारं लावतायत, आणि लांबून कुठली तरी बाई खणखणीत आवाजात ओरडतीया, ‘पिंट्याऽऽ! ये की रं जेवाय!’

मला वाटलं, नोकरी गेली. पण कार्टून बघणाऱ्या पोरांनी ती हाक डोक्यावर घेतली. पुढच्या भागात हाक कुठं आहे ते शोधायला लागली. मग आपल्याला ती प्रत्येक भागात ठेवणं भाग पडलं. कधी स्फोटाच्या मागं, कधी बाजारात, कधी सोसाट्या ढगातून जाताना अगदी पुसट. हळूहळू त्यांनी ठरवूनच टाकलं की मुखवट्यामागच्या सोसाट्याचं खरं नाव पिंट्या आहे. तुला हे इंटरनेटवरून वाचून दाखवलं तर तू छाती काढून चाललास दिवसभर.

आणि तुझा तो नियम! जुनी हाक वापरायची नाही. दर भागाला नवी, आणि खरी. म्हणजे भाकरी खरोखर तव्यावरून उतरलेली पाहिजे, काकूंना माईकचा पत्ता नको, आणि तू ओ द्यायची नाही. ओ दिली की हाक खराब. एक हाक मिळाली की तू हात वर करून मला गप्प बसवायचास, कारण तुझं म्हणणं, दुसरी हाक जास्त चांगली येते, त्यात राग असतो. खाली भाकऱ्या गार, वर आपण दोघं श्वास रोखून बसलेले. खाली गेल्यावर काकू बडबडायच्या, ‘मुडद्या, कान फुटलं काय तुझं? किती हाका मारायच्या माणसानं?’ आणि ताटात मात्र तूप जास्तच वाढायच्या. मला पण.

आपलं शेवटचं भांडण त्या ‘ओ’वरूनच झालं. मिसळ खाताना. शेवटच्या भागात सोसाट्या पाण्याच्या टाकीवर उभा राहून मुखवटा काढतो. पाठमोरा. चेहरा दिसत नाही, नावही कळत नाही. मी म्हणत होते, इथं काकूंची हाक येऊ दे आणि एकदा, फक्त एकदा, तिला ओ मिळू दे. इतकी वर्षं ती बाई ओरडतेय, संपताना तरी कुणीतरी उत्तर द्यायला नको का? तू पाव तसाच हातात धरून माझ्याकडं बघत राहिलास.

‘खुळी हाईस काय, मीने? ओ दिली की घरी जायाला लागतंय. खेळ खलास.’

मी म्हणाले, खलास तर होणारच आहे, शेवटचाच भाग आहे.

‘म्हणून तर न्हाई द्यायची. पोरांना वाटलं पायजे, अजून कोणतरी गच्चीवर हाय.’

मी तुला हट्टी म्हणाले, अजून दोन-चार गोष्टी म्हणाले. तू म्हणालास, सोमवारी बघू. सोमवार काही आला नाही. कसा गेलास, काय झालं, ते इथं लिहीत बसत नाही, ते आता गल्लीतल्या प्रत्येकाला पाठ झालंय आणि ज्याला त्याला ते सांगायची हौस आहे. मला फक्त तुझ्या हातातला तो पाव दिसत राहतो. मी त्या दिवशी रागानं आधी उठून गेले. परत वळून बघितलं असतं तर, वगैरे मी म्हणणार नाही. बघितलं असतं तरी तू मिसळच खात असतास.

तू गेल्यावर काकूंकडे जात राहिले मी. घरात माणसं येत होती, जात होती. कबनूरची मावशी येऊन राहिली होती. काकू सगळ्यांशी बोलायच्या, पण आवाज पार खाली गेला होता. ज्या बाईची हाक तीन गल्ल्या ऐकू जायची तिला शेजारी बसलेल्या मावशीलाही दोनदा सांगायला लागायचं. आणि ती शिवी, मुडद्या, ती त्यांच्या तोंडातून कायमची गेली. एकदा दूधवाल्याच्या पोराला रागावताना ओठावर आली आणि त्या मधेच थांबल्या. मी भांडी विसळत होते. मी नळ जरा जोरात सोडला.

आणि इकडं भाग संपवायचा होता. सगळे आवाज तू करून ठेवले होतेस, एक हाक तेवढी नव्हती. मॅडम म्हणाल्या, जुनी लावा की कुठली तरी, कुणाला कळणार आहे? कुणाला कळणार नाही? आपली पोरं प्रत्येक हाक वेगळी ओळखतात. कुठली पावसाळ्यातली, कुठल्या दिवशी काकूंना सर्दी होती, सगळं त्यांनी शोधून ठेवलंय. आणि ती तरी सोड. मला कळलं असतं. जुन्या हाकेतला तू जिवंत होतास, वर गच्चीवर गप्प बसून मला डोळ्यांनी दटावत होतास. ती हाक ह्या भागात लावायची म्हणजे काहीतरी खोटं बोलल्यासारखं वाटत होतं. हाक न लावावी तर पोरं म्हणणार, विसरले. आणि नवी पाहिजे तर काकूंना काय सांगू? काकू, पिंट्याला एकदा हाक मारा, मला रेकॉर्ड करायचीय? हे वाक्य मी रस्त्यानं चालताना, भाजी घेताना, अंघोळ करताना बोलून बघितलं. कसंही बोललं तरी ते वाक्य घाणच लागत होतं. तुझा इतका राग आला, इतका राग आला की काय सांगू. जाताना माणसानं निदान एक हाक तरी मागं ठेवायची.

शेवटी काल दुपारी गेले. विचारायचंच, असं ठरवून गेले. काकू स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होत्या. तूच सांग, त्या पाठीकडं बघून कुणी काय विचारावं? मी म्हणाले, वरचा रेकॉर्डर न्यायला आले. ‘जा, किल्ली दारालाच हाय,’ म्हणाल्या.

तुझी खोली तशीच आहे. भिंतींना आवाज घुमू नये म्हणून लावलेल्या वाकळा, कोपऱ्यात उसाची चिपाडं, ती चादर. रेकॉर्डर टॉवेलखाली झाकून ठेवलेला. मी तो चालू होतोय का बघितलं. झाला. मग माईक चालतोय का बघावं म्हणून तो कठड्याच्या त्याच खिळ्याला अडकवला, हेडफोन कानाला लावले आणि बटण दाबलं. मनात काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. तपासत होते, एवढंच. रिक्षा गेली. कबुतरं. कुणाची तरी सायकलची घंटी. खालून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी खुर्ची ओढली, बसायला. खुर्ची फरशीवर करकरली, तू ओढलीस की करकरायची तशी.

‘पिंट्याऽऽ! ये की रं जेवाय!’

तोच आवाज. तीन गल्ल्या ऐकू जाणारा. हेडफोनमधून तो सरळ माझ्या डोक्यात शिरला. आणि लगेच खालचं थापणं थांबलं. काहीच वाजेना. पिंट्या, गप्प बसलेली घरं मी तुझ्यामुळं खूप ऐकली आहेत, पण तसली शांतता कधी ऐकली नव्हती. तुझ्या नियमानं बघितलं तर सगळं चोख जमलं होतं. भाकरी खरी, हाक खरी, वर कुणीतरी गप्प बसलेलं. मी अजून थोडा वेळ दम धरला असता तर तुला पाहिजे होती तशी स्वच्छ हाक मिळाली असती. नाही धरवला. ती हाक तशी लोंबकळत ठेवायची माझी छाती झाली नाही.

‘ओऽऽ,’ म्हणाले मी. आवाज फाटला, पण म्हणाले.

मग खालून काकू म्हणाल्या, ‘ये मग. भाकरी गार व्हाय लागलीया.’

मी बटण बंद केलं आणि खाली जाऊन जेवले. काकूंनी तूप वाढलं. हात धुतल्यावर मात्र मला राहवेना. सांगून टाकलं, काकू, वर मशीन चालू होतं. तुम्ही नको म्हणाला तर आत्ता पुसते, तुमच्यादेखत पुसते. मला वाटलं, आता ह्या मला घराबाहेर काढणार, आणि काढलं तर चुकणारही नाहीत.

काकू ताट विसळत राहिल्या. म्हणाल्या, ठाऊक हाय. तो बी असाच चोरावाणी गप बसायचा. ठाऊक होतं त्यांना, पिंट्या, पहिल्यापासून! पहिल्यांदा हाक टीव्हीवर लागली त्याच दिवशी कबनूरहून मावशीचा फोन आला होता. आणि आपण दोघं शहाणे माईक लपवत बसायचो. मी विचारलं, मग तुम्ही मुद्दाम मारायचा का हाका? तर त्या माझ्यावरच खेकसल्या, मुद्दाम कशाला, भाकरी झाली की हाक मारायची, त्यात मुद्दाम काय असतंय? खूप दिवसांनी त्या कुणावर तरी खेकसल्या. मला इतकं बरं वाटलं.

मग पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, ‘एक सांगू? दर ऐतवारी टीव्हीवर माझी हाक यायची, आन् ओ कुणाचीच न्हाई. सगळी गल्ली बघतीया. लोकं म्हणत असतील, काय पोरगं हाय, आईला ओ सुदिक देत न्हाई. घरात न्हाई दिली तर न्हाई दिली, टीव्हीवर तरी द्यायाची हुती की त्यानं. आज कोणतरी दिली. ती तेवढी काढू नगंस.’

नाही काढली. सोसाट्या मुखवटा काढतो, हाक येते, खालचं थापणं थांबतं, तेवढी सगळी शांतता मी तशीच ठेवली, आणि मग ओ येते. फाटलेली. तो जिना उतरायला लागतो आणि भाग संपतो.

आता मघाशी मॅडमचा मेसेज आलाय. ओ कुणाची आहे, बाईचा आवाज वाटतो, सोसाट्या तर पुरुष, काढायची का? मी कळवलंय, काढायची नाही. त्यावर अजून उत्तर नाही. दर दोन मिनिटांनी फोन बघतेय. मुंबईत बसून त्यांनी ती परस्पर कापली तर मला कळणारसुद्धा नाही, रविवारी काकूंच्या शेजारी बसूनच कळेल. काकू टीव्हीचा आवाज मोठा करणार, मावशी कबनूरहून येणार, गल्लीतली दोन-चार घरं पण येतील. हाक येईल. आणि पुढं काही आलंच नाही तर मी त्या बाईच्या तोंडाकडं कशी बघू? गोळा आहे तो हा आहे, पिंट्या.

आत्ता उत्तर आलं. ‘ठीक आहे, राहू दे.’ एवढंच.

तर खेळ खलास. तुला ते पटणार नाही, मला माहीत आहे. पण ह्या वेळी माझ्याशी भांडून उपयोग नाही, आईनं सांगितलंय. भांडायचं असेल तर तिच्याशी भांड. आणि ती हाक मारेल तेव्हा आधी ओ दे.